अठरा हजार चारशे बारा कार्डं

पडद्यावर आधी इंग्रजी एल उमटला. त्याच्यामागून शून्य एक, शून्य एक, शून्य एक. एक ओळ भरली, खालची भरली, सगळा पडदा भरून आकडे वर सरकायला लागले, तरी थांबायचं नाव नाही.

"फॉर्मॅट करून टाकू या, मॅडम," कार्तिकेय म्हणाला. "अर्ध्या तासाचं काम आहे."

हा आमच्या कॉलेजचा सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर. वय तेवीस, शिक्षण सहा महिन्यांचा कोर्स, आणि खरी लायकी म्हणजे कॉलेजचे मालक, ज्यांना आम्ही करस्पाँडंट म्हणतो, त्या त्यागराजांच्या मेहुणीचा मुलगा. कुठलंही मशीन आजारी पडलं की याच्याकडे एकच औषध, सगळं पुसून कोरं करायचं. प्रिंटर अडला, फॉर्मॅट. माऊस हलेना, फॉर्मॅट. याची आजी खोकायला लागली तर तिला तरी हा दुसरं काही सुचवेल का, याची मला शंका होती.

"त्यात माझी लायब्ररी आहे," मी म्हटलं.

"काही नाहीये हो त्यात. मी विंडोजमधून कितीदा बघितलंय. दुसऱ्या डिस्कवर काही दिसतच नाही."

मला शिसारी आली. त्याच्या बोलण्याची आली, आणि बोलताना तो गेल्या आठवड्यातल्या प्रसादाचे चुरमुरे खिशातून काढून तोंडात टाकत होता त्याचीही आली.

त्या लायब्ररीत माझ्याआधी सांबशिवमामा होते. एकतीस वर्षं. प्रत्येक पुस्तकामागे एक जाड कार्ड, त्यावर निळ्या शाईतलं उभं, सुटं अक्षर, कार्डाच्या खालच्या कडेला एक भोक आणि सगळ्या भोकांतून गेलेली पितळी सळई. अशी अठरा हजार चारशे बारा कार्डं त्यांनी लिहिली. ते रिटायर झाल्यावर ती कार्डं मी कॉम्प्युटरवर चढवली. तीन वर्षं लागली. प्रोग्रॅम विनुताने लिहून दिला होता. आमच्याच तंजावूरच्या मराठी मंडळींतली मुलगी, एम.सी.ए. करत होती. ऑफिसच्या मशीनमध्ये विंडोज होतं. विनुताने त्यातच दुसरी डिस्क बसवली आणि तिच्यावर लिनक्स घातलं, कारण लिनक्स फुकट मिळतं. मशीन सुरू झालं की आधी विचारायचं, कुठे जायचं? ऑफिसवाले एकीकडे जायचे, मी दुसरीकडे.

विनुता कॅलिफोर्नियाला गेली. जाण्याआधी चार दिवस बसून तिने मला सगळं समजावलं आणि मी ते वहीत उतरवून घेतलं. मराठीत, पण तमिळ अक्षरांत. तेव्हा मला मराठी तसंच लिहिता यायचं. आमच्यातल्या बहुतेकांचं तसंच असतं.

ऑगस्टात शेवटचं कार्ड चढलं. पुढच्याच आठवड्यात त्यागराजांनी कार्डं रद्दीत विकली. "आता सगळं कॉम्प्युटरात आहे ना?" एवढंच म्हणाले. कार्डांचं सागवानी कपाट त्यांच्या घरी गेलं. त्यात त्यांच्या पत्नी बांगड्या ठेवतात असं शिपाई सांगत होता, एका खणात एक रंग.

म्हणजे आता जे काही होतं ते त्या दुसऱ्या डिस्कवर होतं. कुणी म्हणेल, फ्लॉपीवर उतरवून ठेवायला काय झालं होतं? ठेवलं होतं. विनुताने शिकवलं तसं आठ फ्लॉप्यांवर दोनदा उतरवून कपाटात ठेवलं होतं. कार्तिकेयने त्या विंडोजमध्ये घालून बघितल्या. मशीन म्हणालं, ही फ्लॉपी वाचता येत नाही, फॉर्मॅट करू का? तो म्हणाला, कर. मग त्यांच्यावर नटनट्यांचे फोटो भरले. मला हे कळलं तेव्हा नवीन फ्लॉप्यांसाठी मी तीन वेळा स्टोअरकडे अर्ज दिला. तो अजून त्यांच्या टेबलावर असेल.

"पूजेला तुम्ही काय काय केलंत ते सांगा," मी कार्तिकेयला म्हटलं.

आदल्या आठवड्यात नवमीची आयुधपूजा झाली होती. पूजेबद्दल माझी काही तक्रार नाही. आमच्या घरीही त्या दिवशी पुस्तकं देवापुढे ठेवतात आणि विजयादशमीला पुन्हा उघडेपर्यंत कुणी अक्षर वाचत नाही. कॉलेजात दरवर्षी सगळ्या मशीनना बाहेरून गंध-कुंकू लागायचं, मॉनिटरला झेंडूची माळ पडायची, आणि फाटकात कुंकू भरलेला कोहळा फोडला जायचा. यंदा मात्र युनिव्हर्सिटीची कमिटी येणार होती. तिने होकार दिला की कॉलेजला दोन नवे कोर्स मिळणार होते. म्हणून त्यागराज म्हणाले, "पेटीला लावून काय उपयोग? मेंदूला लावा."

"मग मी दोन्ही डिस्का बाहेर काढल्या," कार्तिकेय म्हणाला. "केळीच्या पानावर ठेवल्या. मावशीने गंध लावलं. विजयादशमीला परत बसवल्या."

मी पेटीचं झाकण काढलं. आतून चंदनाचा आणि गुळाचा आंबूस वास आला. पंख्यात चुरमुरे अडकले होते. फुटाण्याची डाळ तळाशी पडली होती, आणि फ्लॉपीच्या फटीतून मुंग्यांची रांग शिस्तीत आत-बाहेर करत होती. दोन्ही डिस्कांना पुढूनमागून चंदन थापलेलं. ते वाळून त्याला भेगा गेल्या होत्या. देवाला गंध लावताना करंगळीशेजारच्या बोटाने हलकेच लावतात. हे तर भिंतीला गिलावा करावा तसं केलं होतं. देवाच्या नावावर इतकी घाण करायला माणसाला बरीच भक्ती लागते.

दोन्ही डिस्का सारख्या, एकाच दिवशी घेतलेल्या. मी मागची बाजू बघितली. तिथे बारीक पिना असतात आणि पिनांवर तांदळाच्या दाण्याएवढी काळी टोपी. विनुताचं वाक्य वहीत होतं: पहिल्या डिस्कला टोपी, दुसरीला नाही. टोपीवाली थोरली, बिनटोपीची धाकटी. दोघी थोरल्या झाल्या तर घर चालत नाही.

इथे दोघींनाही टोप्या होत्या.

"ही दुसरी कुठून आली?"

"एकीला होती, दुसरीला नव्हती," तो म्हणाला. "पूजेत पडली असेल म्हणून जुन्या मशीनची काढून लावली." चांगलं काम केल्याचं समाधान त्याच्या तोंडावर होतं.

एका म्यानात दोन तलवारी घातल्या होत्या आणि वर सांगत होता, म्यान रिकामं आहे, फॉर्मॅट करू या! मी वहीत कुठली डिस्क कुठली ते शोधू लागले. विनुताने दोघींच्या नंबरातले शेवटचे चार आकडे मला लिहून घ्यायला लावले होते. कार्तिकेयने वाकून वहीत बघितलं आणि मोठ्याने वाचायला लागला. अक्षरं तमिळ, त्यामुळे वाचता येत होतं. कळत काहीच नव्हतं.

"हे काय लिहिलंय मॅडम? मंत्र आहे का?" तो हसला. "नुसती अक्षरं आहेत, आत काही नाही."

या मुलाचं हे असं होतं. याला कळलं नाही की ते रिकामंच असतं.

नंबर जुळवले, धाकटीची टोपी काढली, मशीन लावलं. एल. शून्य एक, शून्य एक. आठ वाजल्यापासून मी त्या मशीनपुढे होते आणि दुपारी दोनला कमिटी येणार होती. त्यागराजांचा शिपाई दोनदा येऊन "झालं का" विचारून गेला. मी डिस्क पुन्हा काढली आणि खिडकीपाशी नेऊन बघितली. केबल बसते त्या पिनांच्या मुळाशी चंदन शिरून वाळलं होतं. केमिस्ट्री लॅबमधून बाटलीभर स्पिरिट मागून आणलं, लॅबमधला टेस्ट ट्यूब धुवायचा बारका ब्रश घेतला आणि एकेक पिन घासली. चाळीस पिना. पिवळं पाणी माझ्या पदरावर टिपून घेतलं. कार्तिकेय शेजारी बसून दुसऱ्या मशीनवर पत्ते खेळत होता.

पुन्हा मशीन लावलं. पडदा क्षणभर काळा राहिला आणि मग विचारलं, कुठे जायचं?

मला रडू आलं. खोटं कशाला सांगू, पदर तोंडाला लावून मी रडले. मग लिनक्समध्ये गेले, विनुताचा प्रोग्रॅम उघडला आणि एकूण पुस्तकं किती ते विचारलं. काळ्या पडद्यावर पांढरा आकडा आला. १८४१२.

साडेअकरा झाले होते. स्टोअरमध्ये फ्लॉप्या मागायला गेले तर क्लार्क म्हणाला, अर्जावर सही नाही. फ्लॉपीशिवाय दुसरा एखादा मार्ग विनुताला ठाऊक असेल, मला वहीतला एवढाच माहीत होता. मी पर्स घेतली.

"मी बाजारातून फ्लॉप्या घेऊन येते," मी कार्तिकेयला म्हटलं. "अर्धा तास. तोवर याला हात लावू नका. बंदसुद्धा करू नका. एकदा फ्लॉपीवर उतरवून घेतलं की मग तुम्हाला हवं ते करा."

"शरी, मॅडम," तो म्हणाला. शरी म्हणजे बरं. तमिळमध्ये त्याहून स्वस्त शब्द नाही.

ती डिस्क काढून पर्समध्ये घालून न्यायला हवी होती. तेवढी अक्कल मला तेव्हा नव्हती, आणि या एका गोष्टीत मी कार्तिकेयला दोष देत नाही.

कॉम्प्युटरचं सामान मिळतं ते दुकान जुन्या बसस्टँडजवळ. मोपेड स्टँडवर लावली. तो स्टँड अमरसिंह चालवतो. नाव राजाचं, राज्य पत्र्याच्या शेडएवढं. तोही तंजावूरचा मराठीच. मला ओळखतो, कारण दर शुक्रवारी मी तिथे गाडी ठेवून मामांना भेटायला तिरुवैयारूची बस धरते.

"काय वसुमतीअक्का, आज कसं आलात? शुक्रवार नव्हे की!" म्हणत त्याने मोपेडच्या हँडलला एक टोकन अडकवलं आणि तसंच दुसरं माझ्या हातात दिलं. मागच्या वेळेपर्यंत त्याची टोकनं पत्र्याची होती. हे जाड कागदाचं होतं. वर लाल रंगात सत्तेचाळीस, भोकातून सुतळी. मी सहज उलटं केलं.

निळी शाई. उभं, सुटं अक्षर. नंबर सहाशे तेहेतीस, भातशेतीवरचं एक इंग्रजी पुस्तक, लेखकाचं आडनाव आधी.

"हे कोठून घेटलंस?" मी विचारलं.

"रद्दीवाल्याकडून, अक्का. एक गठ्ठा घेटला. चांगलं घट्ट आहे, पाऊस पडला तरी मऊ होत नाही. भोकही त्यालाच होतं, अम्ही सुतळी तेवढी घाटली." तो खूश होता. "पत्र्याचं गंजून जातं की."

"बाकीची कुठे आहेत?"

"बाकीची लॉरीत घालून कागदाच्या मिल्लाला गेली म्हणून सांगिटलं त्याने."

"मला हे दे."

"टोकन कसं देऊ, अक्का? टोकन दिलं तर वंडी. दुसरा कोणी येऊन तुमची वंडी नेला तर?"

वंडी म्हणजे गाडी. मला वेळ नव्हता. दहा फ्लॉप्यांचा डबा घेतला, परत आले, टोकन त्याच्या हातावर ठेवलं आणि गाडी काढली. सगळं मिळून पस्तीस मिनिटं झाली.

ऑफिसात शिरले तेव्हा पडद्यावर धबधबा होता. विंडोजचं चित्र. बाजूला त्यागराज उभे, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, कमरेला पांढरी वेष्टी, अंगाला अत्तर.

"या अम्मा," ते म्हणाले. "आता कसं छान दिसतंय! मघाशी आलो तर सगळा पडदा काळा. वर नुसते पांढरे आकडे. मी म्हटलं, सकाळपासून हे असंच बिघडलेलं आहे आणि ही बाई बाजारात गेली? मग या पोराला सांगितलं, काय करायचं ते कर, पण दोनच्या आत चित्र दिसलं पाहिजे."

मी कार्तिकेयकडे बघितलं.

"मी सांगितलं त्यांना, मॅडम बोलल्यात म्हणून," तो म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "पण आता डी ड्राइव्ह दिसतोय बघा. पूर्ण मोकळा. चार जीबी!"

ते बिघडलेलं नव्हतं, ते दुरुस्त झालेलं होतं, असं मी सांगायला तोंड उघडलं. पण त्यागराज घड्याळ बघत होते. इतका वीट मला उभ्या आयुष्यात कशाचा आला नव्हता. मला त्यांच्या अत्तराचा वीट आला, त्या धबधब्याचा आला आणि माझ्या हातातल्या फ्लॉप्यांच्या डब्याचाही आला. मी एवढंच विचारलं, "लायब्ररी?"

"कमिटी काय पुस्तकं मोजणार आहे, अम्मा?"

कमिटीने पुस्तकं मोजली नाहीत. तिघे जण आले, शहाळी प्याले, शाली घेतल्या. त्यातल्या एकाने विचारलं, लायब्ररी? त्यागराज म्हणाले, पूर्णपणे कॉम्प्युटराइज्ड. कार्तिकेयने घाईघाईत टाइप केलेली चाळीस पुस्तकांची यादी धबधब्यावर उघडून दाखवली. "वेरी गुड," तो गृहस्थ म्हणाला. त्याने यादीकडे बघितलंही नाही. दोन्ही कोर्स मिळाले.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडून खुलासा मागितला. लायब्ररीची माहिती माझ्या निष्काळजीपणामुळे गेली असं तयार टाइप केलेलं होतं, खाली सहीला जागा. मी सही केली नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर काय झालं ते चार ओळींत लिहिलं, कुणी काय केलं ते नावानिशी लिहिलं आणि त्याखाली सही केली. त्यांनी मला हॉस्टेलच्या कोठीवर टाकलं. तांदूळ, डाळ, चिंच मोजायची. तिथेही मुंग्या आहेत, पण त्यांना निदान तिथे असण्याचं कारण आहे.

त्या दोन संध्याकाळी मी घरी बसून जुन्या फायलींचे पुठ्ठे कापले, भोकं पाडली, लाल रंगाने आकडे घातले. गुरुवारी ती सगळी पिशवी अमरसिंहपुढे ओतली. पुठ्ठे थोडे कमी पडत होते म्हणून दहा कोऱ्या फ्लॉप्याही देऊन टाकल्या. त्यांच्या कोपऱ्याला भोक आधीच असतं.

"हे प्लास्टिक आहे की, अक्का," तो हरखून म्हणाला. "हे तर पावसात काहीच होणार नाही." गाड्यांना लटकलेली, खिळ्याला टांगलेली, डब्यात पडलेली, सगळी कार्डं त्याने गोळा करून दिली. काही हरवली होती, एकाचा कोपरा गाईने खाल्ला होता.

शुक्रवारी मी बसने तिरुवैयारूला गेले. मामा मुलाच्या घरी राहतात. नेहमीसारखे दाराबाहेरच्या ओट्यावर खांबाला टेकून बसले होते, डोळे मिटून. दर शुक्रवारी ते एकच विचारतात. तीन वर्षं आकडा वाढत गेला, ऑगस्टात पुरा झाला, तरी विचारायचे, आणि मी अठरा हजार चारशे बारा म्हटलं की मान हलवायचे. कार्डं विकल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. दोन महिने रोज उद्यावर ढकललं होतं.

"किती, वसू?"

"दोनशे चौदा, मामा."

त्यांनी डोळे उघडले.

मी सगळं सांगितलं. कपाट, रद्दी, चंदन, टोप्या, काळा पडदा, धबधबा. माझ्याच तोंडाला ते सांगताना कडू चव आली. सांगून झाल्यावर मी पिशवी ओट्यावर ठेवली. मामांनी एक कार्ड काढलं, डोळ्यांशी धरलं, अंगठ्याने भोक चाचपलं. मग नखाने सुतळीची गाठ सोडवली आणि सुतळी बाजूला ठेवली. दुसरं काढलं. त्याचीही गाठ सोडवली.

"कोण कोण आलेत बघू," ते म्हणाले.

तास-दीड तास आम्ही गाठी सोडवत होतो. मग मामा ओट्यावरून सरकत सरकत नंबरवारीने कार्डं मांडायला लागले, निळी बाजू वर करून. मी माझ्याजवळची भराभर एकाला एक लावून ठेवत होते. त्यांनी माझा हात थांबवला.

"असं नक्को. मधे जागा सोड."

"कशाला, मामा?"

"तीनशेच्या मागून सरळ पाचशे एक येतं का? मधली कोठे बसतील?"

मी पाचशे एक उचललं आणि हातभर लांब ठेवलं. ओटा अर्ध्यातच संपला, म्हणून आम्ही पायरीवर उतरलो. कावेरीकडून वारा आला तशी मी दोन्ही पंजे पसरून कार्डं दाबून धरली. मामा सहाशे तेहेतीस हातात घेऊन पायरीवर वाकले होते आणि ते नेमकं कुठे ठेवायचं ते बोटांनी मोजत होते.